ज्वारीची भाकरी, आणि दर रविवारी एक इंजेक्शन

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "किती बारीक झालीस! काय करतेस गं हल्ली?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "काही नाही, ज्वारीची भाकरी." उत्तर अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं फ्रिजच्या मधल्या फळीवर, निवडलेल्या मेथीच्या डब्यामागे, एका लहानशा खोक्यात असायचं.

ते अर्धं लपवलं त्याचा त्रास दुसऱ्याच एका बाईला झाला. म्हणून हे सगळं तारखा-आकड्यांसकट लिहायला बसले आहे. मी डॉक्टर नाही. ज्यांना वजन उतरवायला हे इंजेक्शन घ्यायचं असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं. मी फक्त माझी गाडी कुठून कुठे गेली ते सांगते.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या कचेरीत वार्षिक तपासणी झाली. वय ४७, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ८४.६ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३४.८. आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण तेवढ्याच वजनाला आपल्या पोटावर चरबी जास्त साठते. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, माझी १०४. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्तचाचणी, ६.३; ६.५ ला मधुमेह म्हणतात, म्हणजे मी उंबरठ्यावर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी, ग्रेड दोन. रक्तदाबाची गोळी आधीपासून होतीच.

त्या संध्याकाळी भांडुपच्या पुलावर मी दोनदा थांबले. दर वेळी मोबाइल बघत असल्याचं नाटक करत. हे नाटक मी इतकी वर्षं करत होते की ते नाटक आहे हेच विसरले होते.

३ फेब्रुवारीला, सोमवारी, अर्ध्या दिवसाची सीएल टाकून पालिकेच्या एका रुग्णालयात गेले. आठला केसपेपरच्या रांगेत. केसपेपरचा खर्च एका वडापावइतकाही नाही, पण वेळ भरपूर घेऊन जा. आधी मेडिसिनची ओपीडी, तिथून चिठ्ठी, मग आहारतज्ज्ञ. साडेतीन तास गेले. टीप एवढीच की जुने सगळे रिपोर्ट झेरॉक्ससकट नेलेत तर एक चक्कर वाचते. माझी वाचली नाही.

आहारतज्ज्ञ मुलगी तिशीच्या आतली असेल. तिने तक्ता-बिक्ता दिला नाही. म्हणाली, "काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा." मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. साखरेचे पाच चहा. त्यातल्या दोनांबरोबर खारी. दुपारी पोळी-भाजी, ती घरची. चारला ग्लुकोजची बिस्किटं, मोजून नाही. स्टेशनबाहेर भेळ. रात्री मुलासाठी केलेल्या नूडल्समधल्या "दोन घास". तिने लिहिलेल्या कागदावर घरात शिजलेल्या पदार्थांना गोल केले. दोन गोल होते.

"काकू, तुम्ही जास्त खात नाही. तुम्ही पाकिटातलं खाता," ती म्हणाली. २०१९ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत झालेला एक प्रयोग तिने सांगितला. वीस माणसं, दोन आठवडे कारखान्यातलं प्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न. दोन्हीकडे समोर वाढलेल्या कॅलरी सारख्या, हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. पाकीटवाल्या आठवड्यांत माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांना ते कळतही नव्हतं. मग तिने हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा हवाला दिला. माणशी दिवसाला अर्धा किलो भाज्या आणि फळं.

लोकलमध्ये बसून मी हिशेब केला. आम्ही घरात चार माणसं: मी, हे, मुलगा आणि सासूबाई. दिवसाला दोन किलो. आठवड्याला चौदा किलो. हे आणायचं कुणी, धुवायचं कुणी, निवडायचं कुणी?

कुणी ते तुम्हाला माहीतच आहे.

तरी केलं. सीएसएमटीबाहेर भाजी घ्यायची आणि परतीच्या स्लो गाडीत भांडुप येईपर्यंत निवडायची. लेडीज डब्यात हे काही नवीन नाही. संध्याकाळच्या गाडीत एका मांडीवर मटार, दुसरीवर लसूण, कुणाच्या पिशवीत घेवडा. आमच्या ग्रुपमधल्या एका ताई, मुलुंडला उतरणाऱ्या, चौथ्या सीटवर अर्ध्या टेकून मेथीची आख्खी जुडी कुर्ल्यापर्यंत संपवतात. मला पाऊण जुडीला भांडुप येतं. त्यांनीच मला शिकवलं की मेथी खुडताना जुडी सोडायची नाही, रबर तसंच ठेवून वरून खाली यायचं.

घरात भाकरी सुरू झाली. ज्वारी, कधी नाचणी. मटकी आणि मूग मोड आणून. कुळथाचं पिठलं, चाकवताची ताकातली भाजी, काकडीची कोशिंबीर, बुधवार-शुक्रवार बांगडा नाहीतर बोंबील, रोज दोन अंडी. चहा दोनच, साखर अर्धा चमचा. खारी, बिस्किटं, फरसाण घरात आणणंच बंद. किराणा मालाचं बिल सहाशे-सातशेने कमी झालं आणि भाजी-मासळीचं दीड हजाराने वाढलं. पैशाचा फरक फार नाही. फरक वेळेचा. मी पंधरा दिवस वहीत लिहून पाहिलं: रोजचा माझा स्वयंपाकघरातला वेळ सव्वा तासाने वाढला होता. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बायका घरकामाला दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८, असं आलं होतं. माझ्या २८९ मध्ये आणखी ७५.

फळ मिळालं, हेही सांगितलं पाहिजे. जूनच्या पहिल्या आठवड्यात वजन ७९.८. चार महिन्यांत ४.८ किलो. एचबीए१सी ५.९ वर आलं. गुडघे कमी कुरकुरायला लागले. पण हे कुणाच्याही डोळ्यांत भरलं नाही. चौऱ्याऐंशीचे ऐंशी झाले तर साडीत काय दिसणार?

आणि मग काटा अडला. मधे नणंदेच्या मुलीचं लग्न झालं, पण दोष लग्नाचा नाही. लग्नात मी नीटच वागले. अडचण होती रात्री साडेदहाची. जेवण झालेलं, ओटा पुसलेला, आणि डोक्यात एकच: फ्रिजमध्ये काय आहे. ही पोटातली भूक नव्हती, कुणीतरी सतत दार वाजवावं तशी ती टोचणी होती. मी ओट्याशी उभ्या-उभ्या शेंगदाण्याचा कूट चमच्याने खाल्ला आहे. साखर घालून. पाकीट नव्हतं तर मी स्वतःच पाकीट बनवलं. जुलै उजाडेपर्यंत वजन ८१.१.

जूनच्या शेवटी एका एंडोक्रायनोलॉजिस्टांकडे, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे गेले. फी दीड हजार, अपॉइंटमेंटला बारा दिवस थांबावं लागलं, आणि वेळ घेऊनही बाहेर पाऊण तास. डॉक्टरांना मी कुटाचं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "ही तुमची हयगय नाही. वजन उतरायला लागलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. त्याला वाटतं दुष्काळ पडला." मग त्यांनी तिर्झेपॅटाइडबद्दल सांगितलं. ते भारतात मार्च २०२५ मध्ये मौंजारो नावाने आलं होतं. जेवल्यावर आतड्यातून जी दोन संप्रेरकं निघतात, जीआयपी आणि जीएलपी-१, त्यांची नक्कल हे औषध करतं. पोट हळू रिकामं होतं आणि मेंदूला पुरेसं झाल्याचा निरोप मिळतो. शरीरातून ते सावकाश उतरतं म्हणून आठवड्यातून एकदाच टोचायचं.

बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत रक्तदाबासारखा आजार असेल, तर हे देतात. मी दोन्हींत बसत होते. मग प्रश्न सुरू झाले, आणि ते तुम्हाला कुणी विचारले नाहीत तर तुम्हीच आठवणीने सांगा: घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का? स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताशयात खडे? गर्भनिरोधक गोळ्या? (या औषधाने गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो.) रक्ताच्या तपासण्या चार हजार दोनशेच्या झाल्या.

मी विचारलं, "किती महिन्यांचा कोर्स?"

ते म्हणाले, "कोर्स म्हणू नका. रक्तदाबाच्या गोळीला कोर्स म्हणता का?" त्यांनी एक अभ्यास सांगितला: ३६ आठवडे औषध घेतल्यावर ज्यांना त्याऐवजी नुसतं खोटं इंजेक्शन दिलं, त्यांचं वजन पुढच्या वर्षात १४ टक्क्यांनी परत वाढलं. ज्यांनी चालू ठेवलं त्यांचं आणखी उतरलं. हे ऐकूनही मी हो म्हटलं, कारण मला फक्त रात्रीचे साडेदहा शांत हवे होते.

२.५ मिलिग्रॅमची एक कुपी तेव्हा साडेतीन हजार रुपये. पहिला महिना चार कुप्या, १४,००० रुपये. पुढे ५ मिलिग्रॅम, एक कुपी ४,३७५, महिन्याला १७,५००. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा तडकलाय, तो बदलायला मी तीन वर्षं आरडी भरत होते. ओट्याचे पैसे मी ओट्याशी उभ्या-उभ्या कमी खावं म्हणून गेले, असं म्हणून मी स्वतःवरच हसले.

पहिलं इंजेक्शन ६ जुलैला. रविवार, आषाढी एकादशी. दुप्पट खाण्याचाच तो दिवस! सासूबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली होती, बटाट्याची भाजी, वऱ्याचे तांदूळ, आमटी. मी आतल्या खोलीत दार लावून बसले. कुपी फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलेली. इन्शुलिनची सिरिंज, कुपीत अर्धा मिलिलिटर औषध म्हणजे सिरिंजवर ५० च्या रेघेपर्यंत. हे डॉक्टरांच्या नर्सने दोनदा करून दाखवलं होतं. बेंबीपासून दोन बोटं सोडून. हात थरथरत होता, पण सुई इतकी बारीक की गेली कधी ते कळलंही नाही. दर आठवड्याला जागा बदलायची एवढं लक्षात ठेवायचं.

त्या दिवशी खिचडी मी दोन वाट्या खाल्ली. मंगळवारी डबा अर्धा परत आला. गुरुवारी संध्याकाळी कचेरीत चहाबरोबर कुणीतरी समोसे मागवले, आणि माझ्या लक्षात आलं की समोसा माझ्यासमोर दहा मिनिटं पडून आहे. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो नुसता समोसा होता. मला हे वाक्य याहून नीट लिहिता येत नाही. रात्री साडेदहाला मी झोपलेली होते.

फुकट काही नाही. दुसऱ्या आठवड्यात मळमळ, सकाळच्या गाडीत कुणाच्या डब्यातल्या फोडणीचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटायचं, ते वेगळं पाणी. कुजक्या अंड्यासारखे ढेकर. बद्धकोष्ठ इतकं की इसबगोल नेमाने सुरू करावं लागलं. तळलेलं खाल्लं की त्रास दुप्पट. थोडं खा, हळू खा, पोट गच्च व्हायच्या आधी ताटावरून उठा.

३ ऑगस्टला ५ मिलिग्रॅम सुरू झालं. १७ ऑगस्टचा डोस चुकला. दुकानात ५ ची कुपी नव्हती, सोमवारी या म्हणाले. सोमवार म्हणजे १८ तारीख, पाऊस कोसळत होता, मी कशीबशी घरी पोचले. १९ ला मुंबई बुडाली, मध्य रेल्वे बंद. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, गोठू द्यायचं नसतं, म्हणून कुरियरच्या भानगडीत मी पडत नव्हते; बर्फाची जेल-पिशवी डब्यात घालून स्वतः आणायचे. डॉक्टरांना फोन केला. डोस चुकला तर चार दिवसांच्या आत घेता येतो, नाहीतर तो सोडून पुढच्या ठरलेल्या दिवशी घ्यायचा. बुधवारी २० ला संध्याकाळी मिळालं, त्याच रात्री घेतलं, पुढचा परत रविवारी. तेव्हापासून एक कुपी नेहमी आगाऊ. बिल पक्कं घ्या, बॅच नंबर जुळवून बघा, आणि मूळ प्रिस्क्रिप्शनशिवाय कुणी देत असेल तर तिथून घेऊच नका.

२७ ऑगस्टला गणपती. उकडीचे एकवीस मोदक मी वळले आणि एक खाल्ला. दुसरा अर्धा. तूप घालून. छान लागला. हे मुद्दाम लिहिते, कारण चव जाते असं मला सांगितलं होतं. माझी गेली नाही. हाव गेली.

पण सासूबाईंच्या ते नजरेत आलं. त्यांनी गौरींच्या आदल्या दिवशी फ्रिज आवरताना खोकं काढलं आणि विचारलं, "अगं, हे इन्शुलिन कुणाचं?" मी सांगून टाकलं. किंमतीसकट. त्या पाटावर बसून होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ब्याऐंशीच्या संपात तुझ्या सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मी तांदळाची पेज करून पोरांना निजवायचे. पोरं भूक भूक करायची. भूक जावी म्हणून कुणी साडेतीन हजार देतं, हे बघायला जगले म्हणायची." रागाने नाही बोलल्या. रागाने बोलल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या गाडीत मला घेरी आली. दादरच्या आधी. बायकांनी बसवलं, कुणीतरी राजगिऱ्याचा लाडू तोंडात कोंबला. गेल्या तीन दिवसांत मी काय खाल्लं होतं ते डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझी उलटतपासणीच झाली. चहा, अर्धी पोळी, दोन घास वरण-भात, आणि एकदा नुसतं टोस्ट. भूकच नव्हती, मग करायचं कशाला? भाजी निवडणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. वाचलेला सव्वा तास मला इतका गोड लागत होता की वजनापेक्षा त्याचंच अप्रूप जास्त. डॉक्टर मात्र वैतागले. "अशाने चरबीबरोबर स्नायूही जातील. केस गळतायत ना? गळणारच. औषध तुमची भूक कमी करतं, जेवण बनवून देत नाही. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचला." नसतील तर पाण्याच्या बाटल्या उचला म्हणाले.

तेव्हा फेब्रुवारीतली ती आहारतज्ज्ञ मुलगी आठवली. अर्ध्या भाकरीत काम भागवायचं असेल तर त्या अर्ध्या भाकरीबरोबर काय आहे याला किंमत येते. जिथे तीन पोळ्या जायच्या तिथे मी आता एवढंसंच खाऊ शकत होते. त्यात टोस्टला जागा देणं परवडणारं नव्हतं. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम प्रथिनं. बांगड्याचा मोठा तुकडा, वाटीभर दही, मोडाची उसळ, आणि पोट साफ राहायला भाजी. औषधाच्या आधी हेच अन्न मी मनाला मुरड घालून खात होते. आता मुरड घालायला मनच आडवं येत नव्हतं. पण निवडणं, भिजवणं, मोड आणणं, काटे काढणं तसंच राहिलं. त्याला इंजेक्शन निघालेलं नाही.

मी यांना सांगितलं: पैसे मी आरडीचे घातले, वेळ तुम्ही घाला. शनिवारी मटकी भिजवणं आणि रोजची पालेभाजी निवडणं यांच्याकडे आलं. पहिल्या दिवशी माठाचे देठ पानांत आणि पानं कचऱ्यात.

कचेरीच्या मेडिक्लेमचंही करून पाहिलं, तेवढं लिहिते म्हणजे तुमच्या फेऱ्या वाचतील. फॉर्म, मूळ बिलं, प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट, कॅन्सल चेक. आठ दिवसांनी निरोप आला: डिस्चार्ज कार्ड जोडा. मी दाखलच झाले नव्हते हे समजावून सांगण्यात दोन ईमेल गेले. मग नकार. लठ्ठपणा आणि वजन नियंत्रणावरचे उपचार हे पॉलिसीत वगळलेलेच असतात. अपवाद फक्त शस्त्रक्रियेचा, तोही बीएमआय ४० असेल, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार असतील तर. माझा जानेवारीत ३४.८ होता. तेव्हा वजन आणखी सहाशे ग्रॅमने जास्त असतं तर निदान पोट कापून घ्यायचा विचार करता आला असता! दिलासा एकच, २२ सप्टेंबरपासून औषधांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला आणि महिन्याला हजार-अकराशे वाचायला लागले. ऑगस्टमध्ये चार डोसचं पेनही आलं होतं, पण मला एकेक कुपी घेणं पगाराच्या तारखांना जमून जायचं.

वापरलेल्या सुयांचं काय करायचं हाही प्रश्नच होता. जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवत होते. पालिकेने २०२५ च्या मेपासून घरगुती सॅनिटरी आणि औषधी कचरा वेगळा नेण्याची सेवा सुरू केली आहे, सोसायटीने नोंदणी करावी लागते. आमच्या सेक्रेटरींनी विचारलं, "सुया? कुणाला डायबेटिस?" मी म्हटलं, सासूबाईंना. सासूबाई ठणठणीत आहेत.

आता त्या खोट्याकडे येते. ऑक्टोबरपासून माझं बारीक होणं दिसायला लागलं. दिवाळीत ब्लाउज आतून शिवावे लागले. गाडीत रोज कुणीतरी विचारायचं आणि मी म्हणायचे, ज्वारी. भाकरीने बारीक झालेली बाई म्हणजे निग्रहाची. इंजेक्शनने झालेली म्हणजे पैसेवाली, आळशी, शॉर्टकटवाली. हे मला कुणी म्हटलं नव्हतं. आधी मीच दुसऱ्यांबद्दल म्हणत असे.

मुलुंडच्या ताईंनी ते मनावर घेतलं. वजन माझ्यापेक्षा जास्त, गुडघ्याचं दुखणं आहे. त्यांनी ऑक्टोबरात गहू बंद केला. पहाटे साडेचारला उठून सहा भाकऱ्या थापायला लागल्या, कारण घरातल्यांना पोळ्या वेगळ्या लागतात. दर सोमवारी मला विचारायच्या, "तुझी भाकरी केवढी असते गं? माझी मोठी होत असेल का?" डिसेंबरात एक दिवस म्हणाल्या, "दीड किलो फक्त. माझ्यातच काही खोट आहे बघ." मी खिडकीबाहेर बघितलं. विद्याविहार गेलं, घाटकोपर गेलं. नाही बोलले.

शेवटचं इंजेक्शन २८ डिसेंबरला. वजन ७१.८, एचबीए१सी ५.५, बीएमआय २९.५. २६ कुप्यांचे एक लाख सहा हजार, डॉक्टर आणि तपासण्या धरून एक लाख वीस हजारांच्या आसपास. आरडी संपली. डॉक्टरांना पसंत नव्हतं. बंद करणारच असाल तर दर आठवड्याला वजन लिहा, आणि वाढलं तर लाज वाटून गायब होऊ नका, म्हणाले. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाचं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपणार होतं, मग भारतीय कंपन्यांची स्वस्त इंजेक्शनं येतील, तेव्हा पुन्हा बसून ठरवू, असंही म्हणाले.

भूक परत यायला साधारण महिना लागला. संक्रांतीला तिळाचा लाडू एकच पुरला. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, कचेरीत, दुपारी चारला, खारीचा वास आला आणि तो नुसता वास राहिला नाही. जुनी ओळखीची टोचणी. पहिल्यांदा मी घाबरले. मग दुपारच्या डब्यात उसळ वाढवली, चारला उकडलेलं अंडं नेते. दहातले सात दिवस जमतं. आज, फेब्रुवारीच्या मध्यावर, काटा ७३.४ दाखवतो.

गेल्या मंगळवारी परतीच्या गाडीत आम्ही दोघींना शेजारी जागा मिळाली. भायखळा गेल्यावर मी ताईंना सांगितलं. सगळं, कुपी, किंमत, तारखा, एकादशी. गाडीत आवाज असतो ते बरं असतं. त्यांचे हात मेथीवर चालू होते ते थांबले.

"म्हणजे मी साडेचारला उठून..." एवढंच म्हणाल्या.

माटुंगा गेलं, शीव गेलं. मी फोनमधला डॉक्टरांचा नंबर त्यांना पाठवला, पालिकेच्या त्या आहारतज्ज्ञ मुलीची ओपीडी कुठल्या वारी असते तेही लिहिलं. त्यांनी फोन पाहिला नाही. कुर्ल्याला गर्दीचा लोंढा आत आला तेव्हा त्यांनी पिशवीतून दुसरी जुडी काढली, रबरासकट माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाल्या, "निवड."

भांडुप आलं तेव्हा माझी पाऊणच झाली होती. उरलेली त्यांनी काढून घेतली.